उशिरा येणारं हसू

प्रणिता मगदूमचा चेहरा हा मिरजेतल्या त्या संस्थेत शिकवण्याचा विषय होता.

दर वर्षी स्कॅन तंत्रज्ञ व्हायला आलेली नवी मुलं वर्गात बसली, की पहिल्याच तासाला प्रणिता त्यांच्यासमोर खुर्ची घेऊन बसायची. तिच्यापुढे एक पडदा असायचा, पाठ मुलांकडे केलेला. त्यावर कधी धडपडणारी मांजराची पिल्लं दिसत, कधी रस्त्यावरचा भीषण अपघात, कधी प्रणिताच्या स्वतःच्या लग्नातले फोटो. मॅडम आत्ता काय बघताहेत, ते चेहऱ्यावरून मुलांनी ओळखायचं. मुलं पुढे वाकून, डोळे बारीक करून बघत, आपसांत पैजा लावत आणि हरत. तिचा चेहरा दगडासारखा मुळीच नव्हता. कुणाचं तरी म्हणणं मन लावून ऐकत असल्यासारखा तो मऊ, निवांत दिसायचा. पिल्लांसाठीही तसाच आणि अपघातासाठीही तसाच.

तास संपला की मुलं टाळ्या वाजवत. प्रणिताला त्या टाळ्यांचा अभिमान वाटे, आणि वाटावा असंच ते काम होतं.

ती शिकत होती त्या सुमारास स्कॅनची यंत्रं बदलली. पूर्वी तंत्रज्ञ फक्त प्रतिमा घ्यायचा. त्या डॉक्टरांकडे जायच्या, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी यायचा. नव्या यंत्रांना तेवढा वेळ लागेना. पेशंट यंत्राच्या बोगद्यातून बाहेर सरकेपर्यंत काचेपलीकडच्या पडद्यावर सगळं उमटलेलं असे. गाठ कसली आहे, कुठवर पसरली आहे, अंदाजे किती काळ उरला आहे. पेशंटला ते सांगायचा अधिकार मात्र डॉक्टरांचाच, आणि ते सांगणार नातेवाइकांना समोर बसवून, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. तोवर पेशंटच्या हाती एकच गोष्ट असायची, ती म्हणजे तंत्रज्ञाचा चेहरा. बोगद्यातून बाहेर येणारा प्रत्येक माणूस आधी त्या चेहऱ्याकडे बघायचा.

दुसऱ्या एका जिल्ह्यात एका बस कंडक्टरनं असंच बघितलं. काचेपलीकडची पोरगी एक शब्दही बोलली नव्हती, पण तिचा चेहरा उतरला होता. तो शर्टाची बटणं लावत बाहेर पडला, तो घरी पोचलाच नाही. दोन दिवसांनी कालव्यात सापडला. त्याची गाठ ऑपरेशननं सहज निघणारी होती. पोरीला वाईट वाटलं होतं ते एवढ्याचसाठी, की तो तिच्या वडिलांसारखा दिसत होता.

मग चौकशी झाली, समिती बसली आणि तंत्रज्ञांच्या अभ्यासक्रमात एक नवा विषय आला. त्याचं नाव मुखसंयम.

तो शिकवायचं यंत्र मिरजेतच तयार झालं. ते बनवणाऱ्या डॉ. वैजयंती दांडेकर मेंदूविकारतज्ज्ञ होत्या आणि समजावून सांगण्यात त्यांचा हातखंडा होता. पहिल्या तुकडीला त्यांनी सांगितलं होतं, "चेहऱ्यापर्यंत पोचायला मेंदूतून दोन वाटा आहेत. फोटोग्राफर 'हसा' म्हणतो तेव्हा तुम्ही जे हसता ते एका वाटेनं येतं. ती हुकमी वाट. आणि जुनी मैत्रीण अचानक दारात दिसल्यावर जे हसू फुटतं, ते दुसऱ्या वाटेनं, मेंदूच्या खोल भागातून येतं. काही पेशंटमध्ये पहिली वाट बंद पडते. त्यांना 'हसा' म्हटलं तर तोंडाची एक बाजू हलत नाही, पण विनोद सांगा, तोंडभर हसतात. आपल्याला दुसरी वाट तेवढी बंद करायची आहे."

विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ पडदा चिकटवत. स्नायू हलण्याआधी त्यात जी बारीकशी वीज खेळते, ती हा पडदा टिपायचा. ती टिपली, की कानामागे बसवलेलं वेटोळं त्याच क्षणी मेंदूतल्या त्या वाटेवर चुंबकीय लहर सोडायचं आणि ती वाट गप्प करायचं. दुखत काहीच नसे. विद्यार्थी पडद्यावर रडवणारी, हसवणारी, घाबरवणारी दृश्यं बघत आणि यंत्र चेहरा उमटायच्या आत पुसत राही. सहा-सात महिन्यांत मेंदू ती वाट वापरायचंच सोडून देई. मनात जे वाटायचं ते वाटतच राही, फक्त ते चेहऱ्यावर येत नसे. मुलांनी त्या यंत्राला नाव ठेवलं होतं, इस्त्री.

पहिल्या तुकडीत प्रणितासारखी इस्त्री कुणाचीच बसली नाही. म्हणून तिला तिथेच शिकवायला ठेवून घेतलं.

सकाळी शिकवून दुपारी ती स्कॅनच्या खोलीत काम करायची. जतकडची एक म्हातारी बाई तिच्या कायम लक्षात राहिली होती. पडद्यावर उमटलेला काळ फार थोडा होता. म्हातारी बाहेर आली, तिनं प्रणिताकडे टक लावून बघितलं आणि पदर सावरत म्हणाली, "बरं हाय म्हणायचं मग." बाहेर तिचा नातू थांबला होता. दोघं समोरच्या गाड्यावर भजी खात बसली होती, हसत होती. प्रणिता खिडकीतून बघत होती. दोन दिवसांनी डॉक्टर सांगणारच होते, पण ती दुपार म्हातारीला प्रणिताच्या चेहऱ्यानं दिली होती.

तिचा नवरा सन्मती ठिबक सिंचनाच्या कंपनीत होता. लग्नाआधीपासूनची ओळख, त्यामुळे इस्त्री बसायच्या आधीची प्रणिता त्याला ठाऊक होती. सुरुवातीला तो बावचळला. मग दोघांनी मिळून एक सवय लावून घेतली. तो विचारायचा, "आत्ता काय?" आणि ती सांगायची, "आवडलं," किंवा "राग आलाय, पण तुझा नाही." मित्रांत तो गमतीनं म्हणायचा, "आमच्याकडं तोंड फुगवून बसायची सोयच नाही. जे आहे ते बोलावं लागतं." त्यांचं बरं चाललं होतं. चारचौघांपेक्षा बरंच बरं.

मग चिन्मयी झाली.

बाळ दीड-दोन महिन्यांचं झालं आणि हसायला लागलं. पहिल्यांदा हसलं ते आजीकडे बघून. प्रणिताच्या सासूबाई, रत्नमालाबाई, तेल लावता लावता ओरडल्याच, "अगं ए, हसली बघ! माझ्याकडं बघून हसली!" मग ती सन्मतीकडे बघून हसायला लागली. शेजारच्या उपाध्ये काकूंकडे बघून हसली. पंख्याकडे बघूनसुद्धा हसली.

प्रणितानं तिला मांडीवर घेतलं, की मात्र वेगळंच व्हायचं. चिन्मयी तिच्या तोंडाकडे बघायची. हसायची. थांबायची. हात हलवायची, "अंगू" असा आवाज काढायची, पुन्हा हसायची आणि थांबायची. वाट बघितल्यासारखी. मग तिचे ओठ थरथरायचे आणि ती मान वळवून भिंतीकडे बघत राहायची.

"भूक लागली असंल," रत्नमालाबाई पहिल्यांदा म्हणाल्या. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "पोटात दुखत असंल." चार-पाच दिवस त्यांनी बघितलं. मग एका सकाळी त्या प्रणिताजवळ बसल्या आणि हलकेच म्हणाल्या, "अगं, लेकराकडं बघून हस की जरा."

"हसतेय की, आई."

रत्नमालाबाईंनी सुनेच्या गालावरून हात फिरवला आणि चिन्मयीला उचलून घेतलं.

त्या स्वयंपाकघरात गेल्यावर प्रणिता कपाटाच्या आरशापुढे उभी राहिली. थोड्या वेळानं तिनं बाळाला परत मागून घेतलं आणि आरशात बघत बघत कुशीत धरलं. बाळाच्या डोक्याचा वास, तिच्या बोटाला घट्ट धरलेली ती इवली मूठ. प्रणिताला वाटत होतं, आनंदानं आपण फुटू. आरशात एक नीटनेटकी, शांत बाई दुसऱ्या कुणाचं तरी मूल सांभाळत उभी होती.

दुसऱ्या दिवशी ती बाळाला घेऊन दांडेकर मॅडमकडे गेली.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर तो पापुद्र्यासारखा पडदा लावला, यंत्राचं वेटोळं मात्र काढून ठेवलं. "खेळव तिला," म्हणाल्या. प्रणिता बाळाला खेळवू लागली. टेबलावरच्या पडद्यावर एक सरळ रेघ पुढे जात राहिली.

"आता मुद्दाम हस. ठरवून."

प्रणितानं ठरवून हसू आणलं. ओठ रुंदावले, गाल वर गेले. हुकमी वाट शाबूत होती. चिन्मयीनं क्षणभर बघितलं आणि मान वळवली.

"बघितलंस?" मॅडमनी रेघेवर बोट ठेवलं. "ती हसली, ते तू बघितलंस, तुला कळलं, मग तू ठरवलंस, मग तुझं हसू आलं. तोवर उशीर झालेला असतो. तुला-मला तो उशीर जाणवतही नाही. या वयाच्या बाळाला जाणवतो. त्यांचं सगळं बोलणं या देवाणघेवाणीवर चालतं. आपण हसलो की समोरचं हसतं, यावरून त्याला कळतं की आपण आहोत आणि कुणीतरी आपल्याला बघतंय."

"मग मी बघतेय, हे तिला कळतच नाही?"

मॅडम तिच्या चेहऱ्यावरचा पडदा हळूच सोलून काढू लागल्या.

"ही वाट परत उघडता येईल ना, मॅडम?"

"प्रयत्न करू."

त्यांनी खरंच प्रयत्न केला. यंत्र उलटं चालवलं, गप्प करण्याऐवजी वाटेला डिवचणाऱ्या लहरी सोडल्या. प्रणिता रोज तिथे जाऊन बसायची. एकदा डाव्या पापणीजवळ काहीतरी फडफडलं आणि दोघी पुढे वाकल्या. तो नुसता आखडलेल्या स्नायूचा झटका होता. पाऊस गेला, हिवाळा आला. चिन्मयी बसायला लागली, रांगायला लागली. आजीकडे रांगत जायची, बाबाकडे जायची. आईकडेही यायची, पण दूध प्यायला. पिताना डोळे मिटून घ्यायची.

शेवटी एक दिवस दांडेकर मॅडमनी यंत्र बंद केलं आणि खुर्चीत मागे टेकून बसल्या. त्या थकलेल्या दिसत होत्या, असं प्रणिताला वाटलं. खात्री नव्हती. हल्ली तिला लोकांचे चेहरेही पूर्वीसारखे चटकन कळत नव्हते.

तिनं ते बोलून दाखवलं. मॅडम म्हणाल्या, "तेही त्यातलंच आहे. दुसऱ्याचा चेहरा बघताना आपलाही चेहरा नकळत तसाच थोडासा हलतो, आणि त्यावरून आपल्याला समोरच्याच्या मनातलं कळतं. तुझा हलत नाही."

"हे तुम्हाला आधी माहीत होतं?"

"ऐकिवात होतं. इतकं होईल असं वाटलं नव्हतं. दोन वर्षं आम्ही तुम्हा सगळ्यांवर लक्ष ठेवलं. झोप, भूक, नैराश्य, सगळं तपासलं. मूल झालेली तू पहिलीच, प्रणिता. तो प्रश्न आमच्या कुणाच्या डोक्यातच आला नाही."

"आणि आत्ताची तुकडी? सोमवारपासून त्यांची इस्त्री सुरू व्हायची आहे."

"मी वर कळवलंय. ते म्हणतात, एका बाईवरून निष्कर्ष काढता येत नाही. चुकीचं बोलत नाहीत ते, विज्ञान म्हणून बघितलं तर. आणि तो कंडक्टर विसरू नकोस. तसे किती जण वाचले असतील, ते आपल्याला कधीच मोजता येणार नाही."

प्रणिताला ती जतची म्हातारी आठवली. मॅडमशी भांडावं असं काहीच तिच्याकडे नव्हतं.

सोमवारी तिनं चिन्मयीला अंगडं-टोपडं घालून बरोबर घेतलं. सन्मती कामावर गेला होता. "डॉक्टरांकडं?" रत्नमालाबाईंनी विचारलं. "हो," ती म्हणाली. तिच्या तोंडावरून खरंखोटं ओळखायची सोय नव्हतीच.

वर्गात मुलं बसली होती. पुढच्या बाकावर तहसीन नदाफ. विट्याहून आलेली, हुशार, आणि चेहरा असा की मनातलं सगळं बाहेर. तिच्या भुवया, नाक, ओठ, सगळं सतत काहीतरी बोलत असायचं. प्रवेशाच्या वेळीच इतर शिक्षक म्हणाले होते, "हिला इस्त्री बसवणं म्हणजे प्रणिता मॅडमची खरी परीक्षा."

प्रणितानं पडदा भिंतीला लावून ठेवला. टेबलावर गोधडी अंथरली, चिन्मयीला तिच्यावर बसवलं आणि स्वतः तिच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"आज माझ्याकडे बघू नका," ती मुलांना म्हणाली. "हिच्याकडे बघा."

मग तिनं लेकीकडे बघितलं आणि मनापासून, काही न ठरवता, नुसतं प्रेम केलं.

नवी जागा, नवी माणसं. चिन्मयी बावरली होती. बावरलेलं मूल आधी आईच्या तोंडाकडे बघतं, तसं तिनं बघितलं. हसून बघितलं. हात पुढे केले. काहीतरी बडबडली. पुढे वाकून प्रणिताच्या हनुवटीला हात लावला, गालावर चापट मारली, जणू बंद दार वाजवतेय. मग मागे सरकली. आणि रडायला लागली ती आईकडे पाठ करून, समोरच्या अनोळखी मुलांकडे हात पसरून.

तहसीन उठून धावली. तिनं बाळाला उचललं तेव्हा तिचा स्वतःचा चेहरा रडवेला झाला होता, आणि तो बघता बघता चिन्मयी गप्प झाली. तहसीननं डोळे मोठे केले, चिन्मयीनं केले. तहसीन हसली, चिन्मयी हसली.

मागे एक मुलगा हुंदके देत होता.

"इस्त्रीशिवाय याला दुसरं काही कारण नाही," प्रणिता म्हणाली. "हिला काही झालेलं नाही. मलाही काही आजार नाही. मी तुमच्या वयाची असताना मला हे कुणी दाखवलं नव्हतं, कारण कुणाला माहीतच नव्हतं. आता तुम्हाला माहीत आहे. पुढचं तुम्ही ठरवा."

ही बातमी सन्मतीला संध्याकाळी कळली. तो घरी आला आणि चपलाही न काढता तिच्यासमोर उभा राहिला.

"पोरीला वर्गात नेलंस? टेबलावर ठेवून दाखवलंस सगळ्यांना?"

"त्यांना कळायला हवं होतं."

"आणि तिचं काय? एवढ्याशा पोरीचं? ती घाबरली असेल, हे तुला कळलं नाही?"

प्रणितानं आठवून बघितलं. चिन्मयीचे डोळे, ओठ, पुढे केलेले हात. रडायला लागेपर्यंत तिला वाटत होतं, पोरगी खेळतेय.

"नाही," ती म्हणाली. "रडेपर्यंत मला कळलं नाही."

सन्मतीचा राग तिथल्या तिथे ओसरला. तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ती त्याच्याजवळ जाऊन बसली. "आत्ता काय?" तिनं विचारलं. आजवर ते विचारायचा तो. तो मान हलवत राहिला. त्याला शब्द सापडले नाहीत, आणि शब्दांशिवाय तिला काही कळायला मार्ग नव्हता.

पुढे संस्थेत काय झालं ते थोडक्यात सांगता येईल. अर्ध्याहून जास्त मुलांनी इस्त्रीला नकार दिला. वर्तमानपत्रांत आलं. पुन्हा समिती बसली आणि ते वेटोळं वापरायला तूर्त मनाई झाली. दांडेकर मॅडमनी समितीपुढे एकही गोष्ट लपवली नाही, आणि मग राजीनामा देऊन त्या आपल्या बहिणीकडे चिपळूणला निघून गेल्या. प्रणिताचं शिकवणं गेलं, स्कॅनच्या खोलीतलं काम राहिलं. पेशंटना ती हवी असायची. "त्या शांत बाई आहेत का?" असं विचारत येत.

तहसीन तिला दोन-अडीच वर्षांनी बाजारात भेटली. औषधाच्या दुकानात काउंटरला उभी होती. वेटोळ्याला मनाई झाली तरी मुखसंयमाची अट उठली नव्हती, आणि त्याशिवाय स्कॅनला कुणी घेईना, म्हणून शिक्षण अर्धवट सोडावं लागलं होतं.

"तुम्ही सांगितलंत ते बरोबरच होतं, मॅडम," ती म्हणाली. "पण मला ते काम करायचं होतं. खूप करायचं होतं." आणि तिच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते प्रणिताला वाचता आलं नाही. राग असेल किंवा दुःख असेल. कदाचित दोन्ही.

चिन्मयी तीन वर्षांची झाली होती. खिदळणारी, बडबडी, सगळ्या गल्लीची लाडकी. उपाध्ये काकूंच्या ओट्यावर बसून ती कावळ्याची नक्कल करायची, तेव्हा येणारे-जाणारे थांबून बघायचे. प्रणिता घरात आली, की ती शहाण्या मुलीसारखी बसायची. आईवर तिचा राग नव्हता, आईची भीतीही नव्हती. आईनं भरवलं तर जेवायची, आईनं निजवलं तर निजायची. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायची. पाहुण्यांशी वागावं तसं नीट वागायची.

फोनवर मात्र ती वेगळी असायची. दुपारी प्रणिता दवाखान्यातून फोन करायची, नुसता आवाजाचा, आणि पलीकडून धबधबा सुरू व्हायचा. "आई, आज मनीनं दूध सांडलं आणि आज्जीनं तिला रागवलं आणि मनी पळून गेली!" आणि ती अशी हसायची की फोन कानापासून लांब धरावा लागे. स्कॅनच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून प्रणिता ते हसणं ऐकायची. घरी जाऊन पुढचं ऐकू, असं तिच्या मनात यायचं आणि मग ती ते मनातून काढून टाकायची.

एका रविवारी ती अंगणात कपडे वाळत घालत होती. चिन्मयी तीनचाकी सायकलवरून गोल गोल फिरत होती. फाटकाजवळच्या फरशीला चाक अडलं आणि ती तोंडावर आपटली. मोठा आवाज झाला. प्रणिता हातातली चादर टाकून धावली, पण तोवर चिन्मयी उठून उभी राहिली होती. गुडघा सोलवटला होता, हनुवटी फुटली होती, गळ्यापर्यंत रक्ताचा ओघळ आला होता. ती चालत आईसमोर येऊन उभी राहिली आणि वर बघितलं.

तिचा चेहरा शांत होता. मऊ, निवांत. कुणाचं तरी म्हणणं मन लावून ऐकत असल्यासारखा.

"आई," ती म्हणाली, "रक्त येतंय."

प्रणिताला क्षणभर कळेना, आपण कुणाकडे बघतोय. तिच्यासमोर तिचाच चेहरा उभा होता, कमरेएवढ्या उंचीचा. कुठल्या यंत्रानं तो बसवला नव्हता. या बाईसमोर रडून काही होत नाही, हे ती पोर आपलं आपण शिकली होती.

प्रणिता गुडघ्यांवर बसली. तिनं ओढणीचं टोक लेकीच्या हनुवटीवर दाबून धरलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. अश्रूंची वाट निराळी असते, ती इस्त्रीनं कधी बंद केली नव्हती.

चिन्मयीनं कुतूहलानं त्या पाण्याला बोट लावलं.

"डोळ्यात काय गेलं, आई?"

"काही नाही, बाळा."

"साबण गेला?"

आवाज ऐकून सन्मती घरातून बाहेर येत होता. रक्त बघून पायरीवरच त्याच्या तोंडून "अरे देवा" असं निघालं. चिन्मयीला तो अजून दिसला नव्हता. तिची नजर आईच्या तोंडावर होती, शहाण्यासारखी, वाट न बघणारी.

प्रणितानं तिला खांद्यांना धरलं आणि अलगद वळवलं. तिची पाठ आपल्या छातीशी घेतली आणि तिचं तोंड बापाकडे केलं.

"बाबाकडे बघ," ती तिच्या कानात म्हणाली. "बाबाला सांग, किती लागलं."

सन्मती धावत येत होता. त्याचा चेहरा पार विस्कटला होता, तोंड वासलेलं, कपाळावर आठ्या. प्रणिताला तो दिसत होता आणि त्या क्षणी तरी वाचता येत होता. तो चेहरा दिसताच तिच्या हातांतल्या लहानशा अंगाला एक धक्का बसला. बरगड्या फुगल्या, थरथरल्या, आणि मग चिन्मयीनं भोकाड पसरलं. पोटातून, घसा फुटेल असं, सगळ्या जगाला सांगत, की मला लागलंय.

प्रणिता तिला मागून घट्ट धरून बसली. लेकीचा चेहरा तिला दिसत नव्हता. हुंदका आला की ती पाठ तिच्या छातीवर आपटायची, आणि तिला ते सगळं कळत होतं, एकेक.

"रड," ती म्हणत होती. "रड गं, माझी बाय. रड."